भरतीचा रिपोर्ट : कुठल्या टप्प्यावर किती उमेदवार, पुढे किती गेले, हे नीट दाखवायचं कसं?

चाकणची_एचआर

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे शीट मेटल पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात मी एचआरला आहे. भरती मी आणि एक ज्युनिअर, आम्ही दोघीच बघतो. ऑपरेटर, मेंटेनन्स टेक्निशियन, क्वालिटी इंजिनियर, मधूनमधून टूल रूमची माणसं.

दर सोमवारी प्लांट हेड आणि डायरेक्टर सरांसमोर रिपोर्ट ठेवावा लागतो. सध्याची पद्धत अशी : एक्सेलमध्ये एका उमेदवाराची एक ओळ. नाव, मोबाइल, पद, कुठून आला (नोकरीचं पोर्टल, ओळखीतून, कन्सल्टंट, थेट गेटवर) आणि शेवटी 'सद्यस्थिती'. राउंड झाला की तो शेवटचा कॉलम बदलायचा. सोमवारी सकाळी काउंटइफ लावून प्रत्येक स्थितीत किती जण आहेत ते मोजायचं आणि त्याचा चार्ट काढायचा.

आता अडचणी सांगते. आकडे बदलून लिहिलेत, पण प्रकार तोच.

गेल्या सोमवारी 'टेक्निकल राउंड'समोर १४ होते, या सोमवारी ९. सरांनी विचारलं, "५ जण कुठे गेले? पुढे गेले की सोडून गेले?" शीटवरून ते सांगताच येत नाही.

दुसरं म्हणजे महिन्याचं प्रमाण. ऑगस्टमध्ये शेवटचे राउंड झाले ५ आणि ऑफर गेल्या ६. भागाकार केला तर १२० टक्के. असा आकडा कागदावर ठेवला की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

तिसरं, 'रिजेक्ट'मध्ये सगळंच जातं. आपण नाकारलेला, राउंडला न आलेला, पगार पटला नाही म्हणून नको म्हणालेला, सगळे एकाच खात्यात.

सरांचा मूळ प्रश्न रास्त आहे : मेंटेनन्सचा माणूस मिळायला एवढा वेळ का लागतो आणि नेमकं अडतं कुठे? मला त्याचं खरं उत्तर द्यायचंय. जागा रिकामी असली की त्याच टीममधल्या लोकांना सलग डबल शिफ्ट कराव्या लागतात, आणि ती माणसं मला रोज कँटीनमध्ये भेटतात. नवीन सॉफ्टवेअर यंदाच्या बजेटमध्ये नाही. एक्सेल २०१९ आहे. कुणी हे नीट बसवलं असेल तर कृपया सांगा.

ठाणेकर७

भरतीसाठीचं सॉफ्टवेअर, म्हणजे एटीएस, घेणं हा सरळ मार्ग. लहान कंपन्यांना परवडतील असे प्लॅन असतात. पुढच्या बजेटला मागणी टाकून ठेवा. मात्र डेमो बघताना एकच गोष्ट विचारा : उमेदवार कुठल्या टप्प्यात कोणत्या तारखेला आला, हा सगळा इतिहास एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का? काही ठिकाणी फक्त सद्यस्थितीच हाती येते. मग पैसे भरूनही तुम्ही आज आहात तिथेच राहाल.

नोंदवही

ताई, मी बरीच वर्षं भरतीचे रिपोर्ट बनवतोय. आधी आयटीत, आता एका इंजिनियरिंग ग्रुपमध्ये. तुमच्या पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे. तुमच्या शीटला उमेदवार आज कुठे आहे एवढंच ठाऊक असतं. तो तिथे कधी आला, त्याआधी कुठे होता, हे तुम्ही कॉलम बदलला त्या क्षणी पुसलं जातं. एकदा पुसलेलं कुठल्याही फॉर्म्युल्याने परत येत नाही.

आताची शीट राहू द्या. शेजारी दुसरी उघडा, नाव द्या 'हालचाल'. उमेदवार एका टप्प्यात आला की एक ओळ. कॉलम हे : अर्ज क्रमांक, जागेचा क्रमांक, टप्पा, आल्याची तारीख, बाहेर पडल्याची तारीख, निकाल, निर्णय कुणाचा, कारण. टप्पा संपला की त्या ओळीत बाहेर पडल्याची तारीख आणि निकाल भरायचा, पुढच्या टप्प्यासाठी खाली नवी ओळ. भरलेली ओळ पुन्हा खोडायची नाही. टप्पा आणि कारण टाइप करू देऊ नका, डेटा व्हॅलिडेशनची यादी लावा. नाहीतर महिन्याभरात 'टेक्निकल', 'टेक राउंड' आणि 'टेक. इंटरव्ह्यू' असे तीन टप्पे तयार होतात.

ओळख पटवायला मोबाइल नंबर वापरू नका. तोच मुलगा सहा महिन्यांनी दुसऱ्या जागेसाठी येतो आणि दोन्ही प्रवास एकात मिसळतात. प्रत्येक अर्जाला स्वतंत्र क्रमांक द्या. क्वालिटीसाठी आलेल्याला प्रॉडक्शनकडे पाठवलं, तर पहिला अर्ज 'दुसऱ्या जागेकडे' असं कारण लिहून बंद करायचा आणि नवा उघडायचा. याचा आणखी एक फायदा : मीटिंगमध्ये फिरणाऱ्या शीटवर लोकांचे नंबर आणि सध्याचे पगार राहत नाहीत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालाय, पण कायदा नसता तरी ती माहिती दहा जणांच्या मेलमध्ये फिरायला नकोच.

आता १४ आणि ९. तुमच्या स्टोअरच्या रजिस्टरमध्ये सुरुवातीचा साठा, आवक, जावक आणि अखेरचा साठा असतो, तसंच हे मांडा. समजा सोमवारी १४ होते, आठवड्यात ४ नवे आले, ३ पुढे गेले, ४ जणांना आपण नाही म्हटलं, २ आलेच नाहीत. १४ + ४ − ३ − ४ − २ = ९. बघा, सरांनी विचारलं ५ जणांचं, प्रत्यक्षात हलले होते ९ जण. दोन सोमवारच्या आकड्यांची नुसती वजाबाकी केली की आवक जावकेत लपते. हा तक्ता कारखान्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

'हालचाल' शीट असली की कुठल्याही जुन्या सोमवारचं चित्रही परत काढता येतं. काउंटइफ्सला सांगायचं : आल्याची तारीख त्या सोमवारी किंवा आधी, आणि बाहेर पडल्याची तारीख रिकामी किंवा त्या सोमवारनंतरची. रिकामी आणि नंतरची हे दोन वेगळे काउंटइफ्स करून बेरीज घ्या.

१२० टक्क्यांचं कारण असं की भागाकारात वरची माणसं वेगळी आणि खालची वेगळी. ऑगस्टमध्ये ऑफर मिळालेल्यांपैकी काहींचे राउंड जुलैत झाले असणार. म्हणून तुकडी धरा. जुलैमध्ये टेक्निकल राउंडला जे आले, तेवढेच. त्यांचं आज काय झालं? पुढे गेले, बाहेर पडले, किंवा अजून तिथेच आहेत. या तिघांची बेरीज तुकडीइतकीच यायला हवी. अशा हिशेबात प्रमाण १०० च्या वर जाऊच शकत नाही.

यातला 'अजून तिथेच' हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि बहुतेक रिपोर्ट तो गाळतात. आपल्याकडे होकार लगेच कळवतात आणि नकार लांबवतात. मग निकाल लागलेल्यांपुरतं प्रमाण काढलं तर नव्या तुकडीत ते फार छान दिसतं, कारण नकार अजून नोंदलेलेच नसतात. महिन्याभराने तोच आकडा खाली येतो आणि सर विचारतात, बिघडलं काय? काहीच बिघडलेलं नसतं. यावर उपाय म्हणजे मुदत ठरवा : टप्प्यात आल्यापासून ३० दिवसांत किती पुढे गेले. आणि ज्यांना ३० दिवस पूर्ण झालेत अशाच तुकड्या एकमेकींशेजारी ठेवा. ताज्या तुकडीच्या रकान्यात 'मुदत पूर्ण व्हायची आहे' असं स्वच्छ लिहा.

ओळखीतून आलेल्यांना फोनचा राउंड न घेता थेट टेक्निकलला बसवता ना? मग टेक्निकलचा आकडा फोनच्या आकड्यापेक्षा मोठा दिसतो आणि चार्ट मध्येच फुगतो. नियम करा : जो पुढच्या टप्प्यावर पोहोचला त्याने मागचे टप्पे ओलांडले असं धरायचं. एखाद्याचा टेक्निकल राउंड पुन्हा घेतला तर प्रमाणासाठी त्याला एकदाच मोजायचं. राउंड घेणाऱ्यांवर किती काम पडलं हे दाखवताना मात्र दोन्ही वेळा.

आता वेळेबद्दल, कारण सरांचा खरा प्रश्न तोच आहे. सरासरीवर विसंबू नका. पाच जणांना २, ३, ३, ४ आणि ३८ दिवस लागले तर सरासरी १० येते आणि त्या पाचांत १० दिवस कुणालाच लागलेले नाहीत. मधला आकडा, म्हणजे मीडियन, ३ येतो. तो द्या, आणि ३८ दिवसवाल्याची गोष्ट वेगळी सांगा. पिव्होटमध्ये (एक्सेलच्या सारांश तक्त्यात) मीडियन थेट मिळत नाही. मीडियनच्या आत इफ घालून कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबा, २०१९ मध्ये चालतं. आणि जे अजून अडकलेत त्यांचं वय वेगळ्या ओळीत दाखवा : सगळ्यात जुना किती दिवसांचा, १५ दिवसांच्या वरचे किती. संपलेल्यांचाच वेळ मोजला तर अडकलेला माणूस रिपोर्टमध्ये दिसतच नाही, आणि तुम्हाला तर तोच शोधायचाय.

आकडे तपासायला एक जुनं सूत्र फार उपयोगी पडतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं. रांगेत सरासरी किती जण असतात? येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ. आठवड्याला ६ जण टेक्निकलला येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी २ आठवडे थांबत असेल, तर तिथे साधारण १२ जण दिसायला हवेत. तुमच्या शीटमध्ये ३० दिसत असतील तर बरेच अर्ज संपलेत पण बंद केलेले नाहीत. (इथे सरासरीच लागते, मीडियन चालत नाही.)

शेवटी 'निर्णय कुणाचा' हा कॉलम. माझ्या मते अख्ख्या शीटमध्ये याच्याइतका उपयोगी कॉलम नाही. तीनच पर्याय ठेवा : आपण, उमेदवार, जागाच रद्द. पहिल्या खात्यात गर्दी असेल तर छाननी किंवा जाहिरात चुकतेय. दुसऱ्यात असेल तर पगार, अंतर, शिफ्ट किंवा आपला उशीर. दोन्हींचे इलाज अगदी वेगळे आहेत आणि 'रिजेक्ट' या एका शब्दात ते कायमचे मिसळून जातात.

वाळूज_गेट

नोंदवही दादांनी सगळं व्यवस्थित सांगितलंय. मी ऑपरेटर भरतीपुरतं जोडतो, कारण तिथले टप्पे इंजिनियरसारखे नसतात. आमच्याकडे एका सकाळी गेटवर आयटीआयवाल्यांची रांग लागते आणि संध्याकाळपर्यंत निम्मं चित्र ठरलेलं असतं. टेक्निकल राउंड पाच मिनिटांचा. गळती होते ती नंतर.

आम्ही मोजतो ते टप्पे : गेटवर नोंद, कागदपत्रं, मेडिकल, सेफ्टी ट्रेनिंग, लाइनवर पहिला दिवस, आणि पहिला पगार हातात पडेपर्यंत टिकला का. हा शेवटचा जरूर ठेवा. जॉइनिंगला रिपोर्ट थांबवला तर भरती यशस्वी दिसते आणि सुपरवायझर मात्र माणूस नाही म्हणून ओरडत असतो.

कागदपत्रांत बरीच मुलं अडकतात. आधारवर नाव एक, आधीच्या कंपनीने पीएफच्या यूएएनला (कामगाराच्या कायम पीएफ क्रमांकाला) दुसरंच टाकलेलं. ते दुरुस्त होईपर्यंत खोलीचं भाडं भरत बसणं त्या पोराला परवडत नाही, तो शेजारच्या कंपनीत ठेकेदाराकडे लागतो. आपल्या शीटमध्ये तो 'आला नाही' म्हणून पडतो. तो आला होता, आपण त्याला घेऊ शकलो नाही. कारणाच्या यादीत हे स्वतंत्र ठेवा.

आणखी एक. एका प्लांटला असताना मेडिकल पास झालेल्या मुली ट्रेनिंगच्या आधी गळत होत्या. सगळे म्हणायचे, घरचे पाठवत नाहीत. आम्ही कारण फोन करून विचारायला आणि लिहायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की दुसऱ्या शिफ्टची बस त्यांना हायवेवर सोडायची आणि तिथून आत वस्तीपर्यंत रात्री चालत जायला लागायचं. बसचा रूट आत वळवला, गळती कमी झाली. नुसत्या आकड्याने एवढंच सांगितलं होतं की मेडिकल आणि ट्रेनिंगच्या मध्ये काहीतरी आहे. पण बघायचं कुठे, हे त्यानेच दाखवलं.

अप्रेंटिस वेगळ्या शीटवर ठेवा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली त्यांचा करार होतो, त्याची पोर्टलवर नोंद होते, त्यांचे टप्पेच निराळे. कायम भरतीत मिसळले की दोन्हींचे दिवस चुकतात.

चाकणची_एचआर

नोंदवही दादा, वाळूज दादा, मनापासून आभार. आवक-जावकचा तक्ता कालच करून बघितला. प्लांट हेडना दाखवला, त्यांना एका नजरेत कळला.

एक प्रश्न लगेच उभा राहिलाय. ओळखीतून आलेल्यांचं अर्ज ते ऑफर हे प्रमाण पोर्टलपेक्षा बरंच चांगलं दिसतंय. पोर्टलचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे आणि सर ते बंद करा म्हणतायत. करावं का?

आकडेमोड

थांबा, आधी पदनिहाय फोडून बघा. समजा ओळखीतून ४० ऑपरेटर आले, २० घेतले. १० इंजिनियर आले, १ घेतला. एकूण ५० पैकी २१, म्हणजे ४२ टक्के. पोर्टलवरून १० ऑपरेटर आले, ६ घेतले. ४० इंजिनियर आले, ६ घेतले. एकूण ५० पैकी १२, म्हणजे २४ टक्के. एकूणात ओळखीची माणसं कितीतरी पुढे. पण ऑपरेटरमध्ये पोर्टल ६० टक्के विरुद्ध ५०, आणि इंजिनियरमध्ये १५ विरुद्ध १०. दोन्ही पदांत पोर्टलच सरस. ओळखीतून सोप्या जागांचे अर्ज जास्त आले, एवढंच त्या ४२ टक्क्यांत आहे.

याचं गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचं. १९७३ मध्ये तिथे पदव्युत्तर प्रवेशाला अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. स्त्रियांना डावललं जातंय असं दिसत होतं. बिकेल, हॅमेल आणि ओकॉनेल यांनी विभागवार आकडे तपासले, १९७५ मध्ये 'सायन्स'मध्ये लेख आला. बहुतेक विभागांत स्त्रियांच्या विरुद्ध असा फरक सापडला नाही. ज्या विभागांत प्रवेश मिळणंच कठीण, तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते.

तुमच्याकडे असंच असेल असं मी म्हणत नाही. पण पदनिहाय तक्ता बघितल्याशिवाय पोर्टल बंद करू नका. आणि एकेका रकान्यात पाच-सात माणसं असतील तर टक्के लिहूच नका, '७ पैकी ३' असं लिहा. एक माणूस इकडचा तिकडे झाला की १४ टक्के हलतात, त्यावर निर्णय घेता येत नाही.

बायोडेटा_हातात

मी एचआरमधली नाही. डिप्लोमा मेकॅनिकल, सात वर्षं क्वालिटीत काम केलं, गेल्या वर्षापासून नोकरी शोधतेय. हा धागा सगळा वाचला. एक कॉलम सुचवू का? 'उमेदवाराला कळवलं' आणि त्याची तारीख.

एका कंपनीत माझे तीन राउंड झाले. शेवटच्याला सांगितलं, दोन दिवसांत कळवतो. मी त्या भरवशावर दुसरीकडची कमी पगाराची ऑफर सोडली. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". नंतर तिथल्याच एकाकडून कळलं की जागा कधीच भरली होती. त्यांच्या शीटमध्ये मी बहुतेक अजूनही 'होल्ड' असेन. नकाराचं मला वाईट वाटलं नसतं, नकार ऐकलेत मी. पण तारखेला कळला असता तर ती दुसरी नोकरी आज हातात असती.

तुम्ही दिवस मोजताय ते आमचे दिवस आहेत. नकार ठरला ती तारीख आणि आम्हाला कळला ती तारीख, यांतलं अंतर सोमवारच्या मीटिंगमध्ये एकदा तरी दिसू दे.

चाकणची_एचआर

ताई, तो कॉलम आजच टाकला. बाहेर पडल्याच्या तारखेशेजारीच. नकार सात दिवसांच्या आत कळवायचाच, हे आम्ही दोघींनी ठरवलंय, आणि किती जणांना उशिरा कळवलं ही ओळ रिपोर्टमध्ये राहील.

आकडेमोड, पद फोडून बघितलं. ऑपरेटरमध्ये ओळखीतले खरोखर चांगले आहेत, पण मेंटेनन्सला ओळखीतून फारसं कुणी येतच नाही. जे घेतले ते पोर्टलवरून आणि कन्सल्टंटकडून. पोर्टल राहतंय.

मेंटेनन्सचं अडतं कुठे तेही हाती लागलं. छाननी आणि फोन पटापट होतात. टेक्निकल राउंड घेणारे इंजिनियर एकच, तेही ब्रेकडाउनवर असले की राउंड पुढे ढकलला जातो. अडकलेल्यांत बहुतेक तिथलेच, आणि 'निर्णय उमेदवाराचा' हे खातंही त्याच टप्प्यावर भरलेलं. थांबून थांबून लोक दुसरीकडे जातात. सरांनी दुसऱ्या शिफ्टच्या इंजिनियरना राउंड घ्यायला परवानगी दिली.

शेवटचा प्रश्न. 'होल्ड'चं काय करू? बजेट मंजूर व्हायचंय म्हणून थांबवलेले खरोखर असतात. आणि ऑफर स्वीकारून नोटीस पीरियडवर असलेले कुठे धरायचे?

नोंदवही

'होल्ड' हा टप्पा करू नका. उमेदवार टेक्निकलनंतर थांबला असेल तर तो टेक्निकललाच आहे, त्याचे दिवस तिथेच चढू द्या. वेगळ्या कॉलममध्ये 'थांबवलं' असं लिहा, आणि दोन गोष्टी सक्तीच्या ठेवा : कुणाच्या सांगण्यावरून, आणि पुन्हा कधी बघायचं ती तारीख. ती तारीख उलटली की ओळ लाल झाली पाहिजे, कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. दोनदा तारीख पुढे ढकलली तर अर्ज बंद करून उमेदवाराला तसं कळवा. बजेट आलं की पुन्हा फोन करता येतो.

नोटीसवाल्यांसाठी ऑफरचे तुकडे पाडा : तोंडी कळवली, लेटर गेलं, स्वीकारली, राजीनामा दिल्याचा मेल बघितला, जॉइन झाला. इंजिनियरला तीन महिन्यांची नोटीस असेल तर तेवढ्या काळात त्याच्याकडे दुसऱ्या ऑफर येणारच, म्हणून स्वीकारलेली ऑफर आणि दिलेला राजीनामा एकत्र मोजू नका. ऑफर ते जॉइनिंगचं प्रमाण काढताना ज्यांची ठरलेली जॉइनिंगची तारीख होऊन गेलीय तेवढेच धरा. बाकीचे 'वाट बघतोय'च्या रकान्यात, आणि त्यांना पंधरा दिवसांतून एकदा कुणीतरी फोन करतंय ना, त्या फोनची तारीखही याच शीटमध्ये.